‘शोधा’ या आज्ञेची गोष्ट

काही वर्षांपूर्वी वेल्हे तालुक्यातील एका शाळेत आम्ही तिघे सहकारी विज्ञानाचे प्रयोग दाखवायला गेलो होतो. काम आटोपून निघण्याच्या बेतात असताना एक आजी शाळेच्या पायऱ्या चढून आल्या. त्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. जुन्या जनरल रजिस्टरातील नोंदी तोवर संगणकावर उतरवून झाल्या होत्या. गुरुजींनी आजींचे आडनाव टंकले आणि ‘शोधा’ ही आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आले : ‘सापडले नाही’.

“आजी, तुमचं नाव नाही हो यात.”

“आसं कसं, गुरुजी? मी हितंच शिकले की चौथीपतुर. मागल्या खेपेला बी ह्येच सांगितलं मला.”

गुरुजींनी थोडा विचार केला, कपाट उघडले आणि जुने रजिस्टर बाहेर काढले. दहाएक मिनिटे पाने उलटल्यावर नोंद मिळाली. मग आम्ही संगणकावरील यादी ओळीओळीने वाचत खाली गेलो. आश्चर्य म्हणजे आजींची नोंद तिथेही होती! आडनाव तेच, अक्षरे तीच. डोळ्यांना काहीही फरक दिसत नव्हता. तरी संगणकाला ती सापडत नव्हती.

आजींना दाखला मिळाला, पण आम्हाला एक प्रश्न मिळाला. डोळ्यांसमोर असलेला शब्द यंत्राला का दिसू नये? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही ‘शोधा’ या साध्या आज्ञेच्या इतिहासात शिरलो. त्याचीच ही हकीकत.

अधिक-उणे अक्षर

मजकुरात शब्द शोधणे हे काम संगणकाच्या आधीचे आहे आणि भोरचा त्याच्याशी जुना संबंध आहे. शिवकालीन अष्टप्रधानांत सचिव हे एक पद होते. राज्यातून जाणारी पत्रे तपासणे, मजकुरात कुठे अक्षर अधिक-उणे झाले असेल तर ते शोधून दुरुस्त करणे, हे सचिवाच्या मुख्य कामांपैकी एक. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले, त्यांच्या घराण्यात वंशपरंपरागत झाले, आणि या पंतसचिवांचेच पुढे भोर संस्थान झाले. हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. आज संपादकाच्या ‘शोधा आणि बदला’ या आज्ञेकडून आपण जे करून घेतो, जवळपास तेच काम करणाऱ्या अधिकाऱ्याचे घराणे भोरला नांदत होते असे म्हणायला हरकत नाही.

ते काम सोपे नव्हते. पत्रे मोडी लिपीत असत आणि मोडीत शब्दांमध्ये जागा न सोडता ओळ सलग लिहीत. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. म्हणजे शोधणारा माणूस केवळ अक्षरे जुळवत नसे, तो वाचत असे. हा फरक लक्षात ठेवू या. पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

पट्टी सरकवण्याची युक्ती

संगणक वाचत नाही, तो जुळवतो. कसे, ते वर्गात कार्डबोर्डाच्या दोन पट्ट्या घेऊन सहज दाखवता येते. लांब पट्टीवर मजकूर लिहा, एका चौकोनात एक खूण. काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र चौकोन द्या, कारण संगणकही तसेच करतो. आखूड पट्टीवर शोधायचा शब्द लिहा. ती मजकुराच्या सुरुवातीला खाली धरा आणि एकेक चौकोन ताडून पाहा. जुळला तर पुढे जा. न जुळला तर आखूड पट्टी एक घर उजवीकडे सरकवा आणि पुन्हा पहिल्यापासून ताडा. झाली ‘शोधा’ ही आज्ञा! साध्या मजकूर-संपादकात ती घालायला आज पाच-सात ओळींची आज्ञावली पुरते.

ही रीत बरोबर आहे, पण तीत एक खोट आहे. अर्धा शब्द जुळून मग बिनसले, तर ती मागे वळते आणि आधी पाहिलेली अक्षरे पुन्हा पाहते. १९६९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जेम्स मॉरिस हे सीडीसी ६४०० या संगणकासाठी मजकूर-संपादक लिहीत होते. त्या यंत्रात मजकूर तुकड्यातुकड्यांनी स्मृतीत आणण्याची व्यवस्था गुंतागुंतीची होती, त्यामुळे मागे वळणे त्रासाचे होते. एकदाही मागे न वळता शोधता येईल का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

उत्तर समजून घ्यायला आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. शोधायचा शब्द आहे ‘सासवड’ : स, काना, स, व, ड. मजकुरात टंकलेखकाच्या हातून ‘सा’ चुकून दोनदा पडला आहे : ‘सासासवड’. पट्टी पहिल्या घरापासून धरली की स, काना, स ही तीन घरे जुळतात आणि चौथ्या घरात ‘व’ हवा तिथे काना निघतो. साधी रीत इथे एक घर सरकून पुन्हा आरंभ करील. पण थांबा. नुकताच जुळलेला शेवटचा ‘स’ हाच आपल्या शब्दाचा पहिला ‘स’ही असू शकतो! मग पट्टी थेट दोन घरे सरकवा, तो ‘स’ जुळला असे धरा आणि पुढच्या काना-चौकोनापासून चालू लागा. मजकुरात मागे जाण्याचे कारणच उरत नाही. शब्दाचा कोणता भाग स्वतःच्याच आरंभाशी जुळतो, याचे छोटे कोष्टक शोधाआधी करून ठेवले की झाले.

मॉरिस यांची रीत सहकाऱ्यांना मात्र समजली नाही. काही महिन्यांनी त्यांनी पाहिले तो कोणी कोणी ‘दुरुस्त्या’ करून ती बिघडवून टाकली होती. याच सुमारास डोनाल्ड नूथ स्टीफन कुक यांच्या एका सैद्धांतिक प्रमेयावरून निघाले आणि वेगळ्याच वाटेने त्याच रीतीपाशी पोचले. वॉन प्रॅट यांच्यामार्फत दोन्ही धागे जुळले आणि १९७७ साली तिघांच्या नावे शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नूथ-मॉरिस-प्रॅट ही रीत आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. तिचा एक उगम संपादकात शोधाची सोय करण्याच्या घरगुती गरजेत होता, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

त्याच वर्षी रॉबर्ट बॉयर आणि जे स्ट्रॉदर मूर यांनी आणखी मजेदार युक्ती मांडली. शब्द शेवटाकडून ताडायचा. ‘राजगड’ शोधताना पट्टीच्या पाचव्या घरावर मजकुरात ‘म’ आला, तर ‘राजगड’मध्ये ‘म’ नाहीच. म्हणजे त्या ‘म’ला झाकणारी कोणतीही जागा व्यर्थ. पट्टी एकदम पाच घरे पुढे! मजकुरातील कितीतरी अक्षरे न पाहताच शोध पुरा होतो.

नमुना शोधणे

याच काळात दुसरा एक विचारही चालू होता. नेमका शब्द न देता शब्दाचा नमुना दिला तर? केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली अशा नमुन्यांच्या शोधाची रीत प्रसिद्ध केली आणि बेल प्रयोगशाळेत लिहिलेल्या ‘एड’ या संपादकात ती घातली. पुढे त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना अमेरिकेतील ‘फेडरलिस्ट’ निबंधांचा अभ्यास करायचा होता. १७८७-८८ मधील या ८५ निबंधांपैकी काहींचे लेखक कोण याबद्दल वाद होता. मॅकमहन यांना शब्दांच्या वापरावरून छडा लावायचा होता, पण एवढा मजकूर त्या संपादकात मावेना. तेव्हा थॉम्प्सन यांनी संपादकातील शोधाचा भाग वेगळा काढून स्वतंत्र आज्ञावली केली. ‘सर्व ओळींत हा नमुना शोध आणि त्या ओळी छाप’ या आज्ञेच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ग्रेप’ हे नाव पडले. १९७३ पासून ती युनिक्स प्रणालीबरोबर मिळू लागली. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण सोडवताना संगणकाला एक कायमचे हत्यार मिळाले.

यंत्राला अक्षर दिसत नाही

इथवर शोध वेगवान झाला आणि लवचीकही झाला. पण हे सारे इंग्रजी मजकुरावर. देवनागरीची कथा निराळी आहे, आणि आजींच्या आडनावाचे कोडे इथेच सुटते.

संगणकाजवळ अक्षरे नसतात, आकडे असतात. प्रत्येक खुणेला एक संकेतांक. शोध म्हणजे आकड्यांची जुळवाजुळव. छपाईसाठी देवनागरी संगणकावर आली तेव्हा पुष्कळ टंकांत आकडे अक्षरांना न देता अक्षरांच्या तुकड्यांना दिलेले होते : अर्धा ‘व’, उभी रेघ, वेलांटी. कागदावर छाप उत्तम येई. पण प्रत्येक टंकाचे आकडे वेगळे. शिवाय ‘वि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर साठवला जाई, कारण डोळ्यांना तसे दिसते. एका टंकात लिहिलेला शब्द दुसऱ्या टंकात शोधणे शक्यच नव्हते.

याला पर्याय म्हणजे उच्चाराच्या क्रमाने अक्षरांनाच आकडे देणे. आयआयटी कानपूर येथे या दिशेने झालेले काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे गेले, आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ ही संकेतावली निश्चित झाली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती निघाली. तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. सन २००० नंतर घरोघरच्या संगणकांत ही सोय पोचत गेली. मोडीला मात्र युनिकोडमध्ये जागा मिळायला २०१४ साल उजाडले.

आता आजींचे आडनाव. त्यात ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर होते. मराठीत ‘सूर्य’ आणि ‘दऱ्या’ यांतले ‘र’ वेगळे लिहिले जातात. हा ‘दऱ्या’मधला ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठी असलेला ‘ऱ’ (२३५३) आणि त्यापुढे हलन्त. दुसरा, साधा ‘र’ (२३५२), हलन्त, आणि त्यानंतर पडद्यावर न दिसणारी एक जोडखूण (८२०५). दोन्हींचे रूप पडद्यावर एकच दिसते. यादी टंकणाऱ्याचा कळफलक एका प्रकारचा होता, गुरुजींचा दुसऱ्या प्रकारचा. आकडे वेगळे, म्हणून ‘सापडले नाही’! युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांतही या दोन लेखनांना एक मानलेले नाही.

अशा जागा आणखीही आहेत. ‘ॲ’ या अक्षराला २००८ साली स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्याआधीच्या मजकुरात तो ‘अ’ आणि चंद्र अशा दोन खुणांनी लिहिलेला आढळतो. अंकांचेही तसेच. भोर तालुक्यातील कारी गावच्या जेधे घराण्याकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. शिवजन्माची शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी तीत आहे. कोणी हे साल इंग्रजी अंकांत टंकले असेल आणि आपण मराठी अंकांत शोधले, तर एवढी महत्त्वाची नोंद असूनही नाहीशी होते. कारण इंग्रजी अंकांचे संकेतांक ४८ ते ५७ आणि मराठी अंकांचे २४०६ ते २४१५.

भोर आणि वेल्हे

पुढच्या भेटीत आम्ही त्याच शाळेतील नववीच्या मुलांबरोबर एक लहानसा मजकूर-संपादक लिहिला. मुलांनी परिसराची माहिती त्यात टंकली आणि ‘शोधा’ची सोय केली. पहिली परीक्षा म्हणून त्यांनी आपल्याच भागातली दोन नावे शोधली, आणि दोन्हींनी दोन वेगळे धडे दिले.

‘भोर’ शोधल्यावर ‘भोरला’, ‘भोरच्या’, ‘भोरहून’ हे सगळे मिळाले, कारण प्रत्यय लागताना ‘भोर’ बदलत नाही. पण त्यांबरोबर प्रतापगडाच्या डोंगराचे जुने नाव ‘भोरप्या’ आले आणि ज्वारीच्या दिवसांत थव्याने येणारी ‘भोरडी’ही आली. म्हणजे हवे त्याहून जास्त सापडले.

‘वेल्हे’चे उलटे झाले. ‘वेल्हे येथे’ सापडले, पण ‘वेल्ह्यात’, ‘वेल्ह्याला’, ‘वेल्ह्याचा बाजार’ यांतले एकही नाही! मुले चकित झाली. फळ्यावर आकडे मांडले :

वेल्हे : २३५७, २३७५, २३५४, २३८१, २३६१, २३७५

वेल्ह्यात : २३५७, २३७५, २३५४, २३८१, २३६१, २३८१, २३५१, २३६६, २३४०

पहिले पाच आकडे सारखे. सहाव्यात फूट पडते, एकीकडे मात्रा आणि दुसरीकडे हलन्त. व्याकरणाच्या तासाला ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, ते इथे आकड्यांत उभे राहिले. ‘पुणे’चे ‘पुण्यात’, ‘तोरणा’चे ‘तोरण्यावर’, ‘नीरा’चे ‘नीरेच्या’. मराठी शब्द वाक्यात येताना वेष बदलून येतो. मॉरिस काय किंवा बॉयर काय, वेगाचा प्रश्न सोडवणाऱ्या रीती इथे उपयोगी पडत नाहीत.

एका मुलीने उपाय सुचवला : शेवटची मात्रा गाळून नुसते ‘वेल्ह’ शोधावे. तसे केले आणि सगळी रूपे मिळाली. पण मागोमाग एका कवितेतला ‘वेल्हाळ’ हा शब्दही आला! जाळे बारीक केले की नको ते अडकते, मोठे केले की हवे ते निसटते. शोधाच्या प्रत्येक साधनापुढे ही निवड असते.

यापुढची पायरी आणखी अवघड आहे. ‘तोरणा’ शोधून ‘प्रचंडगड’ मिळणार नाही, ‘रोहिडा’ शोधून ‘विचित्रगड’ मिळणार नाही. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे उद्याचा विद्यार्थी ‘राजगड तालुका’ असे शोधेल, तर आजवरचे सारे कागद ‘वेल्हे’ या नावाने आहेत. कोणी उत्साहाने जुन्या फायलींत ‘शोधा आणि बदला’ चालवले, तर ‘वेल्हे’ बदलेल, ‘वेल्ह्यात’ तसेच राहील आणि एकाच पानावर एका जागेची दोन नावे नांदतील. दोन्ही नावे एकाच जागेची आहेत, हे आकड्यांवरून कळत नाही. ते माणसाने यंत्राला सांगावे लागते.

आम्ही काय बदलले

मुलांच्या संपादकात आम्ही शेवटी तीन सुधारणा केल्या. पहिली, ताडून पाहण्याआधी दोन्ही ‘ऱ’ एकाच रूपात आणायचे, तसेच ‘ॲ’ आणि अंकही. मूळ मजकूर तसाच ठेवायचा, फक्त तुलनेसाठी प्रत बदलायची. दुसरी, स्थळांच्या जुन्या-नव्या नावांची एक जोडयादी. ती मुलांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तयार केली.

तिसरी सुधारणा सर्वांत छोटी होती. ‘सापडले नाही’ या शब्दांऐवजी पडद्यावर लिहून यायचे : ‘या रूपात आढळले नाही. दुसऱ्या रूपाने शोधा किंवा मूळ कागद पाहा.’

आम्हाला वाटते, या तीन सुधारणांत हीच सर्वांत मोलाची. यंत्राने दिलेली माहिती एवढीच असते की, आकड्यांची ही मालिका मजकुरात नाही. त्यावरून ‘ही व्यक्ती या शाळेत नव्हती’ असा निष्कर्ष काढतो तो माणूस. विज्ञानात ‘पुरावा मिळाला नाही’ आणि ‘नसल्याचा पुरावा मिळाला’ या दोन गोष्टी आपण कटाक्षाने वेगळ्या ठेवतो. दाखला मागायला आलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी, कारण यंत्राशी वाद घालण्याची सोय त्याच्याजवळ नसते. त्या आजींचा एक हेलपाटा याच चुकीने झाला होता.

पट्ट्यांचा खेळ, ‘भोर’ आणि ‘वेल्हे’ची तुलना, आपल्या गावाच्या नावाच्या सर्व रूपांची यादी, हे सारे संगणक नसलेल्या वर्गातही करता येईल. प्रत्येक शाळेने आपल्या गावाचे नाव घेऊन ते कोणत्या रूपांत हरवते ते पाहावे.

त्या शाळेत आम्ही नंतर पुन्हा गेलो, तेव्हा संगणकाच्या कडेला गुरुजींच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली होती : ‘न सापडल्यास कपाट उघडावे.’